बानं उचललेला फोन

माझा मोठा भाऊ विमान चालवतो. हे वाक्य मी कॉलेजात सहसा बोलत नाही. बोललं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग माझ्या चपलेकडे, आणि मग विचारतो, "खरंच?" पायलटची बहीण एसटीच्या पासवर येते आणि डब्यात भाकर-ठेचा आणते, हे लोकांना जुळवता येत नाही. मलाही सुरुवातीला जुळवता येत नव्हतं.

आमचं घर पांढरकवड्यापासून थोडं आत, बंजाऱ्यांच्या तांड्यात आहे. घरात आम्ही गोरबोली बोलतो. आईला याडी, वडिलांना बा आणि भावाला भिया म्हणतो. इथे मी त्यांचं बोलणं ते बाहेरच्या लोकांशी जसं बोलतात तसं लिहिते आहे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. थोडं इकडचं तिकडे होईल, पण अर्थ बदलू न देण्याचा प्रयत्न करते.

भिया बारावी पास आहे. विमान चालवायला पदवी लागत नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, आणि पुढे ट्रेनिंग करून लायसन काढावं लागतं. त्यामुळे आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मीच. त्याला याची फार मजा वाटते. कुणी पाहुणा आला की तो सांगतो, "घरात शिकेल मानूस हे एकच हाये. मी काय, बारावी पास ड्रायव्हर." पाहुणे हसतात. याडी हसते. बा हसत नाही. ड्रायव्हर या शब्दावर बा कधी हसत नाही, कारण तो स्वतः ट्रक चालवायचा.

भियाची कंपनी लहान आहे. तिची विमानं पंख्यांची. तो नागपूरहून सकाळी निघतो, दोन-तीन गावं करतो आणि संध्याकाळपर्यंत नागपूरला परत येतो. तिथे अजून दोन जणांबरोबर एक खोली घेऊन राहतो. त्याचा पगार किती ते मी लिहीत नाही. एवढं सांगते की आमचे एक काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांना भियापेक्षा जास्त मिळतो. तांड्यात हे कुणाला खरं वाटत नाही. मंदिराच्या कळसाची वर्गणी जमा करायला मंडळी आली तेव्हा भियानं जमेल तेवढी दिली. ती पाहून एक जण बोललाच, "पायलट साहेब, हे तं तुमच्या एका चायचे झाले." भिया हसला आणि आत जाऊन झोपला.

झोप हीच त्याची सुट्टी. ड्युटीच्या दिवशी तो अंधारात उठतो, आणि ते आठवडाभर साचत जातं. सुट्टी लागली की सकाळच्या बसनं येतो, चौकात उतरून तांड्यापर्यंत ऑटो करतो, जेवतो आणि पडतो. त्या दिवशी याडी कुकर लावत नाही, शिट्टी होते म्हणून. शेळी मागच्या बाजूला बांधते. शेजारची मुलं ओट्यावर खेळायला आली की मी त्यांना दुसरीकडे पाठवते. उठल्यावर तो पंपाची वायर पाहतो, याडीच्या मोबाइलमधले नको ते मेसेज पुसतो, बाबरोबर हायवेवरच्या गॅरेजवर जाऊन बसतो. विशेष काही बोलत नाही. पण घरात असतो. त्याची चप्पल दारात असते.

बाची चप्पल आमच्या लहानपणी दारात नसायची. तो नागपूर-हैदराबाद लाइनवर होता, आणि कधी कधी खाली पार बंगळूरपर्यंत जायचा. घरी आला की एक दिवस राहायचा, आम्हाला बिस्किटाचे पुडे द्यायचा, आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की निघायचा. फोन आला आणि बा नाही म्हणाला, असं मी कधीच पाहिलं नाही. ताप असला तरी गेला. एकदा याडीनं विचारलं होतं तेव्हा म्हणाला, "एका खेपीले नाही म्हटलं का दुसऱ्या खेपीले फोनच येत नाही." पुढे याडीचं मोठं ऑपरेशन झालं. ते झाल्यावर बानं लाइन सोडली आणि ट्रक विकला. त्यातले काही पैसे नंतर भियाच्या ट्रेनिंगला उपयोगी पडले, बाकी सरकारी शिष्यवृत्तीवर झालं. आता बा कापसाच्या जिनिंग कारखान्याची पिकअप चालवतो आणि रोज संध्याकाळी घरी असतो. सगळे म्हणाले, बरं झालं. आम्हीही म्हणालो.

दिवाळीच्या आधी भियाला मोठ्या कंपनीकडून बोलावणं आलं. त्यानं परीक्षा आणि मुलाखत देऊन ठेवली होती, घरी सांगितलं नव्हतं. मोठं जेट विमान, परदेशातल्या फेऱ्या, आणि राहायचं दिल्लीला. पगार आताच्या कितीतरी पट. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं ते बसस्टॉपवर. मी त्याला सोडायला गेले होते. बस यायची होती आणि आम्ही दोघं रसवंतीच्या बाकावर बसलो होतो.

"तू शिकेल हायेस," तो म्हणाला. "तूच सांग. जाऊ का राहू?"

मी विचारलं, "तुला काय वाटते?"

"मले वाटलं असतं तं तुले कायले विचारलं असतं?"

मग त्यानं मला दोन माणसांबद्दल सांगितलं. एक त्याचा कॅप्टन. विमानात दोन पायलट असतात, कॅप्टन आणि त्याच्या बाजूचा को-पायलट. भिया को-पायलट आहे. हा कॅप्टन पन्नाशीचा आहे. त्याला मोठ्या कंपन्यांनी दोनदा बोलावलं, तो गेला नाही. जुनी मोटारसायकल वापरतो. संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या क्लासला नेतो आणि ती पाण्यात असेपर्यंत काठावर पेपर वाचत बसतो. बायको त्याला ऐकवत असते की तुमच्या बरोबरीच्यांची दोन-दोन घरं झाली. तो म्हणतो, झाली असतील. दुसरा भियाच्या खोलीवरचा मित्र. तो गेल्या वर्षी मोठ्या कंपनीत गेला. त्यानं आईवडिलांना फ्लॅट घेऊन दिला. तो कधीही फोन करतो, भर दुपारी, नाहीतर पहाटे. हॉटेलचे जाड पडदे लावून झोपलेला असतो आणि उठल्यावर विचारतो, "यार, आज वार कोणता?"

"वार विचाराले फोन करते?" मी म्हणाले.

"हाव. आधी मी हसायचो. आता सांगून टाकतो. बुधवार."

यात माझंही काही अडकलेलं होतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला पुढे पुण्याला शिकायचं होतं. तिथलं वसतिगृह, खाणं, येणं-जाणं आताच्या पगारात होण्यासारखं नव्हतं. मोठ्या पगारात ते सहज झालं असतं. भिया गेला असता तर मीही गेले असते, आणि घरी बा आणि याडी दोघंच राहिले असते. भिया राहिला तर आम्ही दोघंही इथेच. इतकं साधं होतं ते. "जा" म्हणाले असते तर ते माझ्यासाठी झालं असतं, आणि "राहा" म्हणाले असते तर मी मोठी त्यागी झाले असते. मला दोन्ही नको होतं. मी रस्त्याकडे पाहत राहिले. बस आली.

चढताना तो म्हणाला, "पुण्याचं डोक्यात हाये माह्या."

"असू दे," मी म्हणाले.

घरी त्यानं फोनवरच सांगितलं. याडीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथी झोप होईल का तुही?" तो म्हणाला, कधी दिवसा, कधी रात्री. याडी म्हणाली, "मंग मले कायले विचारतं?" आणि फोन माझ्या हातात देऊन गेली.

बाला विचारायची गरजच नव्हती. तो त्याच दिवशी गॅरेजवर जाऊन पोरगा दिल्लीला चालला असं सांगून आला. गॅरेज चाचाचं आहे. चाचा बाचा जुना दोस्त, ट्रकचं काम करणारा, आणि भियाच्या विमानाचा त्याला फार राग. मागे एकदा भियानं त्याला मोबाइलवर फोटो दाखवला होता, तेव्हाच त्यानं मान हलवली होती. मी त्यांना डबा द्यायला गेले तर हाच विषय चालू होता.

"इतके साल झाले, पोट्टा पंखेवाला विमान चालवून राह्यला," चाचा म्हणाला. "अरे, पंखा बाहर दिखता म्हंजे मॉडेल पुराना. मैं तो बैठूँगा भी नहीं."

"तुले बसवते कोन?" बा म्हणाला.

"बसवेगा ना मेरा भतीजा. नए में बसवेगा. बेटी, बोल उसको, चाचा बोला के जा. टायर देख उसके कितने बडे रहते."

"आणि सुट्टी?" मी विचारलं.

"सुट्टी का क्या अचार डालना है?" चाचा म्हणाला. बा हसला. पाना हातात घेऊन तो उगाच पुसत होता. मला म्हणाला, "मोठी गाडी मोठी असते, बाई. लहान गाडीवाल्याले टोलवरचा पोट्टाबी अरे-तुरे करते."

मला वाटलं होतं बा वेगळं बोलेल. त्यानं घरासाठी लाइन सोडली होती, म्हणून. तेवढ्यावरून तसं का वाटावं, आता सांगता येत नाही.

दिवाळीला भियाला सुट्टी मिळाली नाही. सगळ्यांना त्याच दिवसांत गावी जायचं असतं, म्हणून पायलटनं गावी जायचं नसतं. अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यातल्या लग्न न झालेल्या आम्ही मुली दिवे घेऊन घरोघरी फिरलो. याला आमच्यात मेरा म्हणतात. प्रत्येक घरातल्या माणसांच्या नावानं मुली शुभ मागणं गातात आणि घरचे दिव्यात नाणं टाकतात. आमच्या दारात मी बाच्या नावानं गायले, याडीच्या नावानं गायले. भियाच्या वेळी एका लहान मुलीनं विचारलं, "तो नाहीच तं म्हनायचं का?" मोठ्या मुली म्हणाल्या, म्हण. म्हटलं.

दिवाळीतलं पितरांचं पूजन मात्र घरच्या मोठ्या मुलाशिवाय करायचं नाही असं बाचं ठाम होतं. म्हणून आमच्याकडे ते दहा-बारा दिवसांनी, भियाला सुट्टी लागली तेव्हा झालं. शेजारी म्हणाले, तुमची दिवाळी कंपनीच्या हिशेबानं. सलग दोन दिवस सुट्टी होती. सकाळी याडीनं लापशी केली. चुलीतले निखारे पुढे ओढले. बा आणि भियानं पितरांचं नाव घेत त्यावर तूप आणि लापशी सोडली, मग दारूची धार सोडली. आणि मग बानं बाटलीच्या टोपणात थोडी ओतून भियापुढे धरली. पितरांना दिलेल्यातलं मोठ्या मुलानं घ्यायचं असतं.

भिया एक क्षण थांबला. पायलटला ड्युटीच्या आधी दारू चालत नाही, बारा तास आधीपासून थेंबही नाही. विमानात चढण्याआधी नळीत फुंकायला लावतात, आणि त्यात निघाली तर लायसनवर येतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण लग्नांमध्ये तो याच कारणानं सारखा उठून जायचा. पण दोन दिवस सुट्टी होती. त्यानं टोपण घेतलं, तोंड वाकडं केलं. याडी हसली. जेवला आणि झोपला.

त्यानंतरचं मी समोर बसून पाहिलं. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. भियाचा फोन खिडकीत चार्जिंगला होता. तो वाजला. बा अंगणात होता, त्यानं दोन ढांगांत येऊन तो उचलला, भिया जागा होऊ नये म्हणून.

"हाव साब, बोलो," बा हळू आवाजात म्हणाला. "नहीं, उसका बाप बोल रहा. ... सोया है. ... हाव. ... हाव. ... आज शाम को? ... कोई बीमार पड गया क्या? अरे रे."

मी सूप खाली ठेवलं.

"पूछना क्या है उसमें? आएगा," बा म्हणाला. "पक्का. आप लिख लो साब. मैं खुद भेजता."

त्यानं फोन परत चार्जिंगला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी फार वर्षांनी तसा पाहिला. म्हणाला, "कंपनीचा होता. आज संध्याकाळची गाडी हाये. एक पायलट आजारी पडला. सुट्टीच्या दिवसाचे जास्तीचे देतात म्हणे."

"बा, त्यानं घेतली ना सकाळी."

"टोपनभर," बा म्हणाला. "टोपनभरानं काय होते? अर्धा तास झोपू दे तेले. मी चाचाची जीप आणतो, बसनं वेळ होईल."

मी त्याच्यामागे जायला हवं होतं की भियाला उठवायला, हे मला कळलं नाही. बा पायात चप्पल घालून निघूनही गेला. मी आत जाऊन भियाच्या खाटेजवळ बराच वेळ उभी राहिले. तो तोंड उघडं टाकून झोपला होता, एक हात खाली लोंबत होता. मी त्याला हलवलं आणि सांगितलं. तो उठून बसला. त्याला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं.

"काय म्हणाला बा? पक्का म्हणाला?"

"हाव."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. चाचा जीप वळवतच ओरडला, "चलो पायलट साब! आज मेरे विमान में बैठो, पंखा अंदर है!"

भिया फोन घेऊन बाहेर आला. बानं जीपची मागची सीट फडक्यानं पुसली होती. भियाची बॅगही त्यानंच उचलून ठेवली होती. भियानं कुणाशी न बोलता कंपनीला फोन लावला. तिथे, सगळ्यांसमोर.

"सर, मैं नहीं आ पाऊँगा. ऑफ पे हूँ. ... जी. ... नहीं सर, घर में पूजा थी, मैंने ली है. थोडी, पर ली है." मग बराच वेळ तो ऐकत होता. "जी, मेरे फादर ने उठाया था. उनको मालूम नहीं था. ... सॉरी सर."

त्यानं फोन ठेवला. चाचानं जीप बंद केली. तिचा आवाज थांबल्यावर तांड्यातली कोंबडीसुद्धा ऐकू येत होती.

"मालूम नोतं म्हणे," बा म्हणाला. "मीच तं ओतली."

"मंग काहून हो म्हटलं, बा?"

"म्या जबान देल्ली तेले. आता काय म्हनंल तो? पायलटचा बाप खोटा हाये."

"हे ट्रान्सपोर्ट नाही, बा. सुट्टीच्या दिवशी नाही म्हणता येते. सुट्टी माही हाये."

"ज्याच्या हातात गाडी हाये तेले कायची सुट्टी?" बाचा आवाज चढला. "नाही म्हनणाऱ्याले दुसऱ्या खेपी कोन बोलावते?"

"नाही बोलावलं तं नाही बोलावलं."

चाचा मध्ये पडला, "अरे छोडो यार, टोपन ही तो था, लिंबू चूस लेता..." दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तो खाली उतरला, भियाची बॅग काढून ओट्यावर ठेवली, आणि "डिझेल का हिसाब बाद में" असं काहीतरी बोलून जीप घेऊन गेला.

बा खाटेवर बसला. मला वाटलं संपलं. पण तो बोलायला लागला, आणि भियाकडे न पाहता, अंगणातल्या चुलीकडे पाहत बोलला.

"तुले वाटते घरी राह्यलं का लय सुख असते. म्या सोडली ना लाइन. तुमच्यासाठीच सोडली. काय केलं घरी येऊन? बसून राह्यलो. तुमी तिघं आपापलं करत होते. तुही याडी कोनाले न विचारता सारं करे. हे पोट्टी," त्यानं माझ्याकडे हात केला, "हे पोट्टी मले पाह्यलं का ओढनी नीट करे, पाव्हना आल्यासारखी. रस्त्यावर होतो तवा ढाब्यावाला माह्या नावानं चहा ठेवे. तू जाय दिल्लीले. मोठी गाडी चालव. घरी येऊन काही भेटत नाही."

याडी दारात उभी होती. तिनं नाही म्हणावं असं मला वाटलं. ती पदरानं हात पुसत राहिली. मलाही नाही म्हणता येईना, कारण ओढणीचं खरं होतं. मी तेव्हा सहावीत होते, आणि घरात एक माणूस रोज संध्याकाळी बसलेला असायचा. त्याच्यासमोर मोठ्यानं अभ्यास करावा की नाही, हे मला समजत नसे.

भिया त्याच्या शेजारी खाटेवर बसला. मग तो म्हणाला, रागावून नाही, एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं, "तू उशिरा आलतास, बा."

बानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं तो उठला आणि निखाऱ्यांवर राख ओढू लागला. याडीनं विचारलं, "कुकर लावू का आता?" भिया म्हणाला, "लाव."

महिना संपायच्या आत त्याचा मला फोन आला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर होते, प्रॅक्टिकल सुटलं होतं.

"नाही म्हणून टाकलं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. दोन ओळी लिहा लागतात. लिहिल्या. जेवलो." मग म्हणाला, "तुहं पुण्याचं..."

"यवतमाळलाही होते एम.एस्सी.," मी म्हणाले.

"हाव. होते."

एवढंच बोलणं झालं. मी पायऱ्यांवर बसून राहिले. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. आनंदही झाला नाही. पुण्याच्या कॉलेजची माहिती मोबाइलमध्ये जपून ठेवली होती, ती पाहिली आणि तशीच राहू दिली. मैत्रिणीनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही. ते खरंच होतं. आत कुठे दुखतं का ते चाचपून पाहिलं तरी हाताला काही लागत नव्हतं.

आता मी यवतमाळला शिकते. तीन मुलींत एक खोली आहे. शनिवारी बस पकडून घरी जाते, आणि कधी कधी भियाची सुट्टी आणि माझा रविवार जुळतो. तो अजून को-पायलटच आहे. त्याची कंपनी एकदा बंद पडते आहे अशी बातमी पसरली होती, पुढे काही झालं नाही. पगार थोडा वाढला. काकांचाही वाढला. त्याच्या मित्रानं आता दुसरा फ्लॅट घेतला. त्याचा वार विचारायचा फोन येतो, भिया वार सांगतो. भियानं बरोबर केलं का, असं खोलीवरच्या मुली मला विचारतात. मी खूप विचार करून सांगते की मला माहीत नाही. त्यांना वाटतं मी टाळते आहे.

बा आणि भिया त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. पण भिया झोपला की बा आता पिकअप घेऊन बाहेर जात नाही. ओट्यावर बसून असतो. आणि मी घरी आले की ओढणीला हात जाऊ नये याकडे लक्ष ठेवते. पुष्कळदा जातोच.

मागच्या रविवारी असंच होतं. भिया आत झोपला होता, बा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, मी खाली पायरीवर पुस्तक घेऊन. फोन खिडकीत वाजला. बानं माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. त्यानं फोन उचलला.

"हाव साब. उसका बाप बोल रहा," तो म्हणाला. "नहीं साब. छुट्टी पे है."

पलीकडचा काहीतरी बोलत होता. बा ऐकत होता आणि दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरून होता.

"नहीं साब. सोया है," बा म्हणाला. मग थोडं थांबून, त्याच्यानं राहवलं नाही, "जगाऊँ क्या?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बा "अच्छा साब, अच्छा" म्हणाला आणि त्यानं फोन खिडकीत ठेवला. आत खाट करकरली. भिया जागा होता. तो कुशीवर वळला असेल. मग पुन्हा आवाज आला नाही. बा दाराकडे पाहत होता.

"दुसरा पाह्यतो म्हणे," त्यानं मला हळूच सांगितलं.

"बरं," मी म्हणाले, आणि पुस्तकातली ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली.